तालमीच्या गावात उतारवयाचा योग

वय वाढल्यावर व्यायामाचे काय करावे, या प्रश्नाला भारतीय परंपरेत दोन वेगळी उत्तरे आहेत. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायाम कोणी टाळावा याची जी यादी आहे, तीत वातपित्ताचे रोगी, अजीर्ण झालेले आणि लहान मुले यांच्याबरोबर वृद्धही आहेत. धडधाकट, तूपदूध खाणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे तो ग्रंथ सांगतो. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘हठप्रदीपिके’चे म्हणणे मात्र निराळे आहे. तरुण असो, म्हातारा असो, अगदी जराजर्जर असो, रोगी असो की दुबळा, आळस न करता अभ्यास केला तर प्रत्येकाला योग साधतो, अशी ग्वाही तिचा कर्ता स्वात्माराम देतो. एका परंपरेने वृद्धाला व्यायामातून निवृत्त केले, तर दुसरीने त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. पण त्या दारातून सत्तरीच्या माणसाने आत कसे यावे, ते स्वात्मारामाने सांगितलेले नाही. मयूरासन वयपरत्वे कसे बदलावे, ताठरलेल्या गुडघ्यांनी पद्मासन घालावे की नाही, याविषयी ग्रंथात काही मिळत नाही. हा तपशील बराचसा विसाव्या शतकात ठरला, आणि त्यातला मोठा वाटा कोल्हापूर, मिरज, औंध, बेळगाव, लोणावळा आणि पुणे या टापूतल्या माणसांचा आहे.

कोल्हापूरची ओळख योगाची नव्हे, कुस्तीची. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांची प्रतवारी वय, देह आणि बळ पाहून लावलेली आहे. कोल्हापूरचे शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे वय हा मल्लविद्येतला मोजण्याचा विषय या मुलखात फार जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून पुढे हिंदकेसरी निघाले. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले आणि गणपतराव आंदळकरांनी १९६० मध्ये तो किताब मिळवला. दोघेही ऐंशीच्या पुढे जगले.

तालमीत मेहनत मोजतात ती आकड्याने. पहाटे उठून मारलेले जोर, बैठका, सपाट्या, मग हौद्यातली माती उकरणे, मग जोडीदाराबरोबर लढत, वर दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मटणाचा खुराक. उमेदीच्या पैलवानाचे आकडे शेकड्यांतून हजारांत जातात. ही सगळी रचना वाढत्या आणि भरात आलेल्या शरीरासाठी बेतलेली आहे. तिशी-पस्तिशीत कुस्ती सुटते, आणि खरी अडचण तिथून पुढे असते. मेहनत थांबते पण भूक तशीच राहते, खुराक उतरत नाही, आणि पिळदार अंग सुटू लागते. गुडघ्यांचा हिशेबही याच काळात पुढे येतो. पूर्ण खाली बसून उठण्याच्या बैठकेत गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. विशीत मांडीचे स्नायू तो पेलतात. पन्नाशीत स्नायू उतरलेले असतात आणि कूर्चा झिजलेली असते. म्हणून जुने जाणते वस्ताद कुस्ती सोडणाऱ्याला मेहनत एकदम तोडू देत नाहीत. ती उतरवत न्यायची, खुराक तिच्याबरोबर कमी करायचा, आणि चालणे व मालिश सोडायची नाही, असा त्यांचा सल्ला असतो.

वयस्क पैलवानाला तालमीत मानाची जागा असते. तो वस्ताद होतो, हौद्याच्या काठावर उभा राहून पोरांचे डाव दुरुस्त करतो. आंदळकरांनी मोतीबागेत हेच काम वर्षानुवर्षे केले. अनुभवाचा असा मान फार थोड्या व्यायामपद्धतींत राखला जातो, आणि कोल्हापूरला याचा अभिमान वाटावा हे रास्तच आहे. पण काठावर उभ्या असलेल्या वस्तादाच्या स्वतःच्या शरीराने रोज काय करावे, याची बांधीव पद्धत तालमीने तयार केली नाही. आकडा कमी करणे एवढेच तिच्या हाती होते; हालचालीचे रूप बदलण्याचा विचार तिच्यात फारसा झाला नाही.

यातले पहिले मोठे वळण कोल्हापूरच्या शेजारी घेतले गेले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) ऐन उमेदीत पाश्चात्त्य बलोपासक सँडोच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम करत. चाळिशीच्या आसपास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, त्यांनी ते बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले. उपकरणे गेली, वजने गेली. उरले ते स्वतःच्या शरीराचे वजन, श्वास आणि मंत्र. मध्यमवयात एका कर्त्या पुरुषाने केलेला हा बदल पुढे साऱ्या संस्थानाचा झाला. औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले, आणि १९३६ च्या इंग्लंडभेटीनंतर १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही तिकडे निघाले. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या राजाची अंगकाठी हाच त्या पुस्तकाचा सर्वांत ठळक पुरावा होता.

तरीही भवानरावांच्या पद्धतीत वयाचा विचार मुख्यतः संख्येतूनच होई. मुलांनी किती नमस्कार घालावेत, मोठ्यांनी किती, हे ठरलेले. नमस्काराचे रूप मात्र सर्वांना एकच. ज्याचे मनगट भार घेत नाही, ज्याचा गुडघा छातीपर्यंत येत नाही, ज्याला डोके खाली गेल्यावर गरगरते, त्याने काय करावे, याचे उत्तर तिथेही पुरते मिळत नव्हते. तालीम आणि औंध या दोहोंचा पाया एकच होता: रोजचा नेम आणि वाढता आकडा. नेम म्हातारपणीही टिकतो. आकडा टिकत नाही.

या प्रश्नाला दवाखान्याची बाजू जोडली गेली ती १९२७ मध्ये, आणि त्या प्रसंगाची सुरुवात कोल्हापूर भागातच झाली. त्या वर्षी मार्च महिन्यात महात्मा गांधी खादीसाठी महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एकामागून एक सभांच्या दगदगीत त्यांची प्रकृती ढासळली आणि लगतच्या निपाणीत पुढचा दौरा आवरता घ्यावा लागला. रक्तदाब वाढला होता. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. ते आधी सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर राहिले. याच आजारपणात त्यांचा स्वामी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. कोणती आसने करावीत, त्यांचा रक्तदाबावर आणि अशक्तपणावर काय परिणाम होतो, हा त्या पत्रांचा विषय होता.

कुवलयानंदांकडेच हा प्रश्न जावा, याला कारण होते. जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६) हे त्यांचे मूळ नाव. तरुणपणी ते बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले आणि नंतर मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले. जोर-बैठकांची मेहनत आणि आसन-प्राणायाम या दोन्ही गोष्टी अंगात भिनलेला हा माणूस होता. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले. गांधीजींची तब्येत बिघडली तेव्हा ही संस्था जेमतेम अडीच वर्षांची होती. पण रक्तदाबाचा आकडा पाहून आसन ठरवायचे, आणि आसन करून पुन्हा तो आकडा पाहायचा, ही रीत तिथे रुजू लागली होती.

उतारवयाच्या योगाच्या इतिहासात ही रीत फार मोलाची आहे. तोवर आसन जमते की नाही हे गुरूची नजर ठरवी. आता नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचीही साक्ष घेतली जाऊ लागली. १९३१ मध्ये निघालेल्या ‘आसने’ या इंग्रजी पुस्तकात कुवलयानंदांनी पूर्ण अभ्यासक्रमाच्या जोडीला संक्षिप्त अभ्यासक्रमही दिला. सगळी आसने करता येत नसतील त्याने योग सोडावा, असे त्यांनी म्हटले नाही. त्याच्यासाठी वेगळी मांडणी केली. दोन्ही पाय उचलण्याच्या शलभासनाआधी एकेक पाय उचलण्याचे अर्धशलभासन येते. उताणे निजून पाय थोडे थोडे वर नेत, मध्ये थांबत, हलासनाच्या वाटेवर जिथे जमेल तिथे थांबता येते. प्रत्येक क्रियेला पायऱ्या पाडल्या गेल्या, आणि कुठल्याही पायरीवर थांबण्यात कमीपणा राहिला नाही. डॉ. स. ल. विनेकरांसह त्यांनी लिहिलेले योगचिकित्सेचे पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. तोवर ते स्वतः ऐंशीच्या घरात पोचले होते.

दुसरा प्रवाह बेळगावातून आला. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या योगशाळेचे आचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिके करत हिंडले. बेळगावात ती पाहणाऱ्यांत सिव्हिल सर्जन डॉ. वि. भा. गोखले होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर शिकवायला कृष्णमाचार्यांचा शिष्य असलेला एक १८ वर्षांचा मुलगा आला. त्याला मराठी येत नव्हते, लहानपणी क्षय आणि हिवतापाने तो पिचला होता, आणि त्याचा मुक्काम सहा महिन्यांचा ठरला होता. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार पुढे जन्मभर पुण्यातच राहिले.

त्यांच्या पुण्यातल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत फर्ग्युसन महाविद्यालयातले एक निवृत्त वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आजारपणामुळे उभेही राहता येत नव्हते. उभे राहून करायची आसने अय्यंगारांनी त्यांच्याकडून जमिनीवर झोपवून करून घेतली. पाय तेवढेच पसरलेले, हात तसेच ताणलेले, फक्त गुरुत्वाकर्षणाशी झगडा नाही. उतारवयाच्या योगाचे सगळे मर्म या एका युक्तीत सापडते. आसनाने जे काम साधायचे ते कायम ठेवायचे, आणि शरीराला जे झेपत नाही ते काढून घ्यायचे. पुढे बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकून घेतले. या गोष्टीचे कौतुक जगभर झाले. तरी पुण्यातल्या त्या अनाम गृहस्थाचे जमिनीवरचे त्रिकोणासन या इतिहासात अधिक महत्त्वाचे मानायला हवे, कारण आज हजारो म्हातारी माणसे जे करतात ते त्याच जातीचे आहे.

१९६६ मध्ये अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योगा’ निघाले; ‘योगदीपिका’ या नावाने ते मराठी वाचकांच्या घरी पोचले. त्यात ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तो तरुण, निरोगी शरीराला डोळ्यांसमोर ठेवून रचलेला दिसतो. पुण्यात १९७५ मध्ये रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था सुरू झाली. त्यानंतर १९७९ मध्ये थोड्या महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन स्कूटर अपघातांत अय्यंगारांचे खांदे, पाठीचा कणा आणि गुडघे दुखावले. साठीत पोचलेल्या आचार्याला स्वतःचीच आसने मुळाक्षरांपासून गिरवावी लागली. विटा, पट्टे, भिंतीत ठोकलेले दोर, लोड, घोंगड्या, लाकडी घोडा आणि खुर्ची ही साधने त्यांनी आधीपासून वापरली होती. आता त्यांचा आधार त्यांनाही लागला. २० ऑगस्ट २०१४ रोजी ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नव्वदीतही ते रोज अभ्यास करत आणि आधार घेऊन आसनात दीर्घ काळ राहत.

ही साधने नेमके काय करतात, ते त्रिकोणासनात स्पष्ट दिसते. तळहात जमिनीला टेकवण्याच्या नादात साठीच्या माणसाची कंबर मागे सरकते, छाती खाली वळते, पुढचा गुडघा आत झुकतो आणि श्वास अडतो. हात पोचतो, पण आसन बिघडते. पाठ भिंतीला लावली आणि हाताखाली वीट ठेवली की तोल जाण्याची भीती जाते. कंबर भिंतीला धरून राहते, बरगड्या उघडतात आणि श्वास मोकळा होतो. सर्वांगासनाचेही तसेच. पाठीचा पत्रा काढलेल्या घडीच्या लोखंडी खुर्चीवर घोंगडी पसरतात, पुढे जमिनीवर लोड आडवा ठेवतात. खांदे लोडावर, कंबर खुर्चीच्या बैठकीवर आणि हात खुर्चीच्या मागच्या पायांना धरलेले, अशा स्थितीत मानेवरचा भार पुष्कळ कमी होतो. स्वतःच्या बळावर जे आसन दोन मिनिटे धरवत नाही, त्यात असे पाच-दहा मिनिटे शांत राहता येते. तालमीने वय वाढल्यावर आकडा कमी केला होता; इथे आकडाच गेला आणि त्याच्या जागी टिकून राहण्याचा अवधी आला.

आधारांच्या बरोबरीने निषेधही पक्के झाले. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन-सर्वांगासन टाळावे, कारण उलटे झाल्यावर डोळ्यातला दाब वाढतो. हाडे ठिसूळ झालेल्याने, आणि पाळी गेलेल्या बायकांत हे प्रमाण मोठे आहे, कंबरेतून जोर लावून पुढे वाकू नये. त्याने मणका दबून मोडू शकतो. त्याऐवजी पाठ सरळ ठेवणारी आणि हलके मागे वळवणारी आसने उपयोगी पडतात. गुडघे झिजलेल्याने वज्रासनाचा हट्ट धरू नये. खुर्चीवर ताठ बसून केलेला प्राणायाम कमी दर्जाचा ठरत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने श्वास फार काळ कोंडू नये. उलट, एका पायावर उभे राहण्याचा सराव भिंतीजवळ का होईना, पण सोडू नये. म्हातारपणी पडणे आणि खुबा मोडणे हे अनेकांच्या परावलंबनाचे कारण ठरते, आणि तोल हा सरावाने टिकणारा गुण आहे.

कृष्णमाचार्यांच्या परंपरेने याच विचाराला शास्त्राची चौकट दिली. सृष्टिक्रम वाढत्या वयासाठी, स्थितिक्रम कर्त्या वयासाठी आणि लयक्रम उतारवयासाठी. पहिल्यात आसनांचे वैविध्य आणि वेग, दुसऱ्यात आरोग्य आणि स्थैर्य, तिसऱ्यात प्राणायाम, ध्यान आणि उपासना. आचार्य स्वतः १९८९ मध्ये शंभरी गाठून गेले. आश्रमव्यवस्था ठाऊक असलेल्या समाजाला ही चौकट पटकन उमगते. पण तिचा अर्थ साठीनंतर शरीर सोडून नुसते डोळे मिटून बसावे, असा घेणे चुकीचे आहे. उतारवयात स्नायू दरवर्षी उतरतात, आणि त्यांना काम दिले नाही तर बसण्या-उठण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो.

हे सगळे विसाव्या शतकातच का घडले, याचे एक साधे कारण लोकसंख्येत आहे. १९२०च्या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान तिशीच्याही आत होते. म्हातारी माणसे होती, पण थोडी, आणि घरकामात व शेतात गुंतलेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे हाती असलेला एवढा मोठा वर्ग या मुलखाने आधी कधी पाहिला नव्हता, आणि त्याला हजार बैठकांचा उपयोग नव्हता.

कोल्हापुरात हा बदल सकाळी रंकाळा तलावाच्या काठावर आणि शहरातल्या बागांत दिसतो. फेऱ्या मारून झाल्यावर कट्ट्यावर प्राणायामाला बसणारे गट, ज्येष्ठ नागरिक संघांचे वर्ग, १९९५ मध्ये मुंबईत सुरू होऊन सगळीकडे पसरलेले हास्यक्लब, आणि २०१५ पासून दर २१ जूनला होणारी सामूहिक आसने. पेठांतल्या अनेक तालीम मंडळांची नावे आता फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना गर्दी लोटते. ज्या वास्तू एकेकाळी पेठेतल्या प्रत्येक तरुण पोराला पहाटे उठवत होत्या, त्यांच्यात पेठेतल्या म्हाताऱ्यांसाठी एक भिंत, चार विटा आणि एक जाणता शिक्षक एवढी सोय सहज होऊ शकते. हौद्यासाठी राखलेली जागा, पहाटेचा नेम आणि वस्तादाचा मान या तिन्ही गोष्टी तिथे आधीच आहेत.

बागेतल्या वर्गांत अजून एक जुनी खोड टिकून आहे. शंभर कपालभाती, बारा नमस्कार, असा आकड्यांचा हिशेब मोठ्याने लावला जातो आणि सत्तरीची बायामाणसेही शेजाऱ्याशी बरोबरी करतात. सुश्रुताने अर्ध्या शक्तीची खूण फार पूर्वी सांगून ठेवली आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे. आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी काढलेल्या ४५ मिनिटांच्या सामाईक अभ्यासक्रमात आता बहुतेक आसनांखाली ते कोणी करू नये याची सूचना छापलेली असते. पाठीचे, हृदयाचे, रक्तदाबाचे, हर्नियाचे रुग्ण तिथे वेगळे नोंदलेले असतात. लोणावळ्यात रक्तदाब मोजून आसन ठरवण्याची जी रीत सुरू झाली, ती अशी बागेतल्या पत्रकापर्यंत पोचली आहे.